अंबाडीचे जोडे

अंबाडीच्या सुतळीला ऊन लागलं की तिला एक वास सुटतो. गवताचा म्हणावा तर गवताचा नाही, मातीचा म्हणावा तर मातीचाही नाही. किंचित आंबूस, किंचित तुरट, जणू पाण्यात कुजवून, धोपटून, वाळवून काढलेल्या त्या तंतूंच्या पोटात गावतळ्याचं थोडं पाणी अजून राहून गेलेलं असावं. परवा गच्चीवरच्या बाजेची सुतळी सैल झाली म्हणून ती आवळायला बसले, आणि पौषातल्या कोवळ्या उन्हात तो वास असा काही दरवळला की हातातलं काम हातातच राहिलं. तुम्ही म्हणाल, बाजेच्या सुतळीत एवढं हरवून जाण्यासारखं काय आहे? सांगते. स्पेन म्हटलं की कुणाला काय आठवेल, कुणाला काय. मला हा वास आठवतो. तो देश मी पाहिलेला नाही, आणि आता या गुडघ्यांनी पाहीन अशी आशाही नाही. पण लहानपणी, तिसरी-चौथीच्या वर्गात बसून, नागपूरच्या नागपुरात मला स्पेन भेटला, आणि तो आधी नाकाला भेटला, हे मात्र खरं.

सत्तरच्या दशकातलं नागपूर ते. आम्ही महाल या जुन्या वस्तीत राहायचो. बाबांचं इतवारीत भांड्यांचं दुकान. अशा घरातली पोट्टी थेट नन्सच्या शाळेत कशी गेली, याचं उत्तर एवढंच की बाबांना इंग्रजीचं भारी कौतुक होतं आणि दुकानात इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक आलं की त्यांची फार तारांबळ उडे. इंग्रजीसाठी पाठवलेली मुलगी शनिवारी घरी येऊन भलतंच काहीतरी पुटपुटते, हे त्यांच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. कारण शनिवारचा शेवटचा तास कागदोपत्री हस्तकलेचा होता, आणि तो घेत असत सिस्टर पिलार.

उंच, हाडापेरानं मोठ्या, उन्हानं नाक कायम लालबुंद झालेल्या या बाई स्पेनमधल्या कुठल्याशा डोंगराळ खेड्यातून आलेल्या. त्यांचं इंग्रजी आमच्याइतकंच कच्चं, आणि हिंदी ऐकून तर रिक्षावालेही हसत. त्या काळच्या नागपुरात त्यांनी आपल्या भाषेत बोलायचं तरी कुणाशी? मायबोलीत चार शब्द बोलायला माणूस नसणं ही काय साधी उपासमार आहे? आज वाटतं, बोलायला माणसं नाहीत म्हणून सिस्टरनं ती घडवायलाच घेतली. सुईत दोरा ओवता ओवता त्या शब्द सांगत आणि आम्ही ते तोंडात घोळवत असू. आणि काय आश्चर्य! ज्या इंग्रजीपुढे आमच्या जिभा अडखळत, त्याच जिभांवर हे शब्द पाण्यासारखे उतरले. लिहिलं तसं बोलायचं, बोललं तसं लिहायचं. देवनागरीत तर ते असे चपखल बसत की जणू तिच्यासाठीच केलेले. आमच्या अंकलिपीत ज्याच्यापुढे कधी चित्र नसायचं, तो बिचारा ञ पहिल्यांदा कामाला लागला. मुलगी म्हणजे ‘निञा’, उद्या म्हणजे ‘मञाना’. एके दिवशी सिस्टरनं टोपलीतला संत्रा उचलून ‘नारांखा’ म्हटलं, तेव्हा वर्गातल्या हिंदी बोलणाऱ्या पोरी ओरडल्या, “सिस्टर, नारंगी, नारंगी!” सिस्टर हसल्या. हा शब्द तुमच्याच देशातून चालत चालत आमच्याकडे आला, असं त्यांनी हातवारे करून सांगितलं. आपल्या गावचं फळ एवढ्या दूर ओळखीचं निघावं याचा आम्हाला कोण अभिमान!

असं किती काय काय शिकलो. दुपारी जेवून घटकाभर झोपायचं, हा त्यांच्याकडचा रिवाज. तो आम्हाला शिकवायची गरज नव्हती, वैशाखातलं नागपूर तो आपोआप शिकवतं. एकदा मात्र त्यांनी बैलाशी झुंजणाऱ्या माणसाचं चित्र दाखवलं आणि शेवटी बैलाचं काय होतं ते सांगितलं. आम्ही तान्हा पोळ्याला लाकडी बैल सजवून घरोघर फिरणाऱ्या, त्या बैलाच्या नावानं बोजारा म्हणून खाऊ आणि पैसे गोळा करणाऱ्या पोरी. एक-दोघींनी तर रडायलाच सुरुवात केली. सिस्टरनं ते चित्र पाठीमागे लपवलं आणि पुन्हा म्हणून कधी बाहेर काढलं नाही.

पण मला सगळ्यांत अवघड गेला तो एक साधा शब्द: ‘ग्राथियास’. कुणी काही दिलं, कुणी काही केलं की तो म्हणायचा. बाहेरच्याला म्हणायला काही अडचण नव्हती, पण सिस्टर तर सांगत, आईनं ताट वाढलं तरी म्हणावं, बहिणीनं वेणी घातली तरी म्हणावं. आता आपल्या घरात असं कोण म्हणतं? मी एकदा उत्साहानं म्हणून पाहिलं. आत्यानं गरम भाकरी ताटात टाकली आणि मी मान लववून म्हटलं, “ग्राथियास.” आत्यानं तवा खाली ठेवला. अर्थ विचारला. मी सांगितला. “घरच्याचे कोणी आभार मानते का वं? परक्याचं पोट्टं हायेस का तू?” असं म्हणून तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि तो विषय आमच्या घरापुरता मिटला.

आत्याबद्दल सांगायलाच हवं. बाबांची ही थोरली बहीण. कुहीकडच्या शेतकरी घरात दिलेली, ऐन विशीत विधवा झालेली आणि आमच्याकडे राहायला आलेली. तिला मूलबाळ नव्हतं. मला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते तिनंच. आईचं ते धाकटेपणचं सौम्य राज्य, खरा अंमल आत्याचा. सोवळंओवळं असं कडक की शेजारणी तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशी आपोआप पदर सावरत. चामड्याचा तर तिला विटाळच. नवरा गेला त्या दिवसापासून तिनं पायात काही घातलं नव्हतं. चामडं चालत नाही, आणि रबरी चपला तिच्या मते नखरेल पोरींनी घालायच्या. सायकलरिक्षाची गादी चामड्याची असेल या संशयानं ती रिक्षातही बसत नसे. उन्हाळ्यात डांबर वितळायचं, हिवाळ्यात टाचा फुटून रक्त यायचं. ती मेण लावायची आणि चालत सुटायची.

अशा घरात राजे आले! नाताळची सुट्टी संपून शाळा उघडली होती. शनिवार नसूनही सिस्टर वर्गात आल्या आणि त्यांनी आम्हाला गोष्ट सांगितली. एका बाळाला पाहायला तीन राजे उंटांवर बसून दूरदूरच्या देशांतून आले. त्यांची आठवण म्हणून स्पेनमधली मुलं जानेवारीत एका रात्री आपापले जोडे घासूनपुसून दाराशी ठेवतात, आणि सकाळी पाहावं तर जोड्यांत खाऊ! गोष्ट सांगून सिस्टर आम्हाला प्रार्थनेला घेऊन गेल्या. परत येऊन पाहतो तर व्हरांड्यात ओळीनं काढलेल्या आमच्या जोड्यांत एकेक संत्रा, मूठभर रेवड्या आणि कागदात गुंडाळलेली एक वडी. ती वडी त्यांच्या गावची मिठाई होती; तिकडे बदाम आणि मधाची करतात, इथे शेंगदाणे आणि गुळाची केलेली. म्हणजे चक्क चिक्कीच! काय तो कल्ला उडाला आमचा! घरापर्यंत माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

आणि घरी आल्याबरोबर मी काय केलं असेल? जे महालातली कुठलीही शहाणी पोट्टी करेल तेच. घरात आलेलं गोडधोड आधी देवापुढे ठेवायचं, ही शिस्त आत्यानंच लावलेली. हातपाय धुतले, ती वडी आणि संत्र्याच्या फोडी वाटीत काढल्या आणि देव्हाऱ्यात ठेवून दिल्या. आत्या दिवसातून एकदाच जेवायची. पानावर बसताना तिनं तो नैवेद्य पाहिला, माझ्या पाठीवरून हात फिरवला, कौतुकानं वडीचा तुकडा तोंडात टाकला. चांगली झालीय म्हणाली. मग सहज विचारलं, “कोठून आणलं वं हे?” मीही तितक्याच अभिमानानं सांगितलं, “राजानं माह्या जोड्यात ठेवलं होतं.”

पुढचं काय सांगू! आत्याच्या हातातला घास हातातच राहिला. “अवं माय वं! देवाले जोड्यातलं खाऊ घातलं पोट्टीनं!” एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि ती भरल्या पानावरून उठली. त्या थंडीत आडाचं पाणी डोक्यावरून घेतलं. सगळे देव पाण्यात बुडवले, देव्हारा घासला, आणि उरलेला दिवस पाण्याचा थेंब घेतला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. तिन्हीसांजेला बाबा दुकानातून आले, सगळं ऐकलं आणि हसू दाबत, पण तिच्याकडे पाहून लगेच गंभीर होत म्हणाले, “ताई, तू म्हणशीन तसं. काढून टाकतो तिले त्या शाळेतून.” शनिवारचा तास, सिस्टर, तो ञ, ती नारांखा, सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं. आत्या म्हणाली, “उद्या मीच जाते तिथं. त्या बाईले पुसते, काहून असं शिकवून राहिली लेकराइले. मंग सांगते पोट्टीले तिथं ठेवाचं का नाही.”

सकाळी निघालो. रिक्षा नाही, अर्थातच. मी तिचा पदर धरून, ती अनवाणी, बर्डीवरून पार सदरमधल्या शाळेपर्यंत. रस्ता नुसता गारठलेला. मी वाटेत जे जे देव लागले त्यांना त्यांना हात जोडले. सिस्टर व्हरांड्यातच भेटल्या. आत्यानं नमस्कार केला (ती भांडायला गेली तरी आधी नमस्कार करी) आणि सरळ विचारलं, “बाई, लेकराइले जोड्यातून काहून खाऊ घालता? आमच्या घरी जोडे उंबऱ्याच्या आत येत नाही, अन् तुमचा खाऊ देवापाशी गेला!” सिस्टरला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण समोरची बाई दुखावली आहे हे कळायला भाषा कशाला लागते? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला जेवढं येत होतं तेवढं, तुटक, उलटसुलट, रडवेल्या आवाजात मी त्यांच्या भाषेत सांगितलं: जोडा, खाऊ, देव, आत्या, आणि नाही, नाही, नाही. सिस्टरचा चेहरा पार उतरला. त्यांचं इंग्रजी पळालं, हिंदी पळाली, आणि त्या आपल्या भाषेत भडाभडा बोलायला लागल्या.

तेव्हा मला जन्मात पहिल्यांदा दोन माणसांच्या मध्ये उभं राहून एकीचं दुसरीपर्यंत पोचवायचं काम पडलं. वय काय, शब्द किती, आणि भार केवढा! मला कळले तेवढे शब्द मी वेचत गेले. जोडे ठेवतात, कारण त्यावरून राजांना कळतं घरात मुलं किती. गरीब गाव, वर्षातून एकदा नवे जोडे मिळायचे, घरातली तीच सगळ्यांत जपलेली वस्तू. आई ते रात्री घासायची. आणि जोड्यांशेजारी, सिस्टर म्हणाल्या, आम्ही गवताची पेंढी ठेवायचो आणि बादलीभर पाणी. उंटांसाठी. लांबून चालत आलेले असतात ना!

आत्यानं मला थांबवलं. “उंटाले चारा ठेवतेत? पाणीबी?” मी विचारून सांगितलं, हो. “पह्यले कोण खाते? राजे का उंट?” आता हे मी कसं विचारलं ते मलाच ठाऊक, पण विचारलं. सिस्टर म्हणाल्या, उंट. ते खात असतात तेवढ्या वेळात राजे जोडे भरतात. पोळ्याला बैलाला पुरणपोळी चारल्याशिवाय ज्या घरात माणूस जेवत नाही, पाहुणा उतरला की ज्या गावात आधी त्याच्या बैलांची गव्हाण भरतात, त्या गावची आत्या सून होती. तिच्या मनात त्या अनोळखी डोंगरातलं ते खेडं नेमकं कुठल्या जागी जाऊन बसलं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. “मंग हा तर बोजाराच झाला वं,” ती माझ्याकडे वळून म्हणाली, “आपले पोट्टे बैल घेऊन मोठ्याइच्या घरी जातेत, त्याइचे मोठे उंट घेऊन पोट्ट्याइच्या घरी येतेत.” मग सिस्टरकडे पाहून, “खाऊ द्या बाई, पण जोड्यात नका देऊ. लेकराच्या ओंजळीत द्या. अन् तुमची बोली शिकवा तिले. ते नसती तर मले कसं समजलं असतं?” माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मला वाटतं सिस्टरच्याही. पण सिस्टर पाहत होत्या खाली, आत्याच्या पायांकडे. थंडीनं उललेल्या टाचांवर रक्ताची बारीक रेघ होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी सगळं सांगितलं, चामड्याचं, रबराचं, रिक्षाच्या गादीचं. सिस्टर विचारात पडल्या. मग त्यांनी कागदावर एक जोडा काढला: तळ दोरीचा, वरचा भाग कापडाचा. त्यांच्या गावी शेतात जाणारी माणसं हेच घालतात. चामड्याचा एक कणही नाही. त्यांची आई घरीच शिवायची. फक्त आत्याच्या पायाचं माप हवं होतं, आणि तिला न कळता. ते सोपं होतं. आत्या न्हाऊन ओलेत्यानं देवघरात जायची तेव्हा फरशीवर तिची पावलं उमटत. एके सकाळी ती आत वळल्याबरोबर मी चुलीतला कोळसा घेऊन ती पावलं रेखली, सुतळीनं लांबीरुंदी मोजली आणि फडक्यानं सगळं पुसून टाकलं. सुतळीसाठी पैसे मागितले तेव्हा आत्यानं विचारलं, “शाळेत कायले पायजे सुतळी?” हस्तकलेला, मी म्हटलं. मी आणलेली सुतळी तिनं दोन बोटांत धरून पिळली. “हे तागाची हाय, चार दिवसात तुटन. अंबाडीची ने.” आणि कुहीहून तिच्या दिरानं आणलेली, माळ्यावर जपून ठेवलेली अंबाडीची अख्खी गुंडी तिनं माझ्या स्वाधीन केली. आपण कोणासाठी देतोय हे तिला कुठे ठाऊक होतं!

मग शनिवारमागून शनिवार आमच्या वर्गात अंबाडीचा वास भरून राहिला. खिडकीतून ऊन आत यायचं, सिस्टर मधोमध बसायच्या आणि आम्ही सगळ्या पोरी सुतळीच्या तीनपदरी वेण्या घालत असू. वेण्या घालायला का आम्हाला कुणी शिकवायला हवं होतं? ‘उनो, दोस, त्रेस’, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. त्या तालावर आम्ही आकडे शिकलो, रंग शिकलो, महिने शिकलो, त्यांच्या गावच्या विहिरीचं आणि म्हाताऱ्या गाढवाचं गाणं शिकलो. सिस्टर त्या वेण्या चपट्या गुंडाळून दाभणानं शिवत. त्यांच्या बोटांना घट्टे पडले. बिघडलं की उसवायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. वर्ष सरलं, मी चौथीत गेले, आणि पुन्हा जानेवारी आला तेव्हा जोडे तयार झाले होते. वरचं कापड जाड पांढरं मांजरपाट, कडेला निळ्या दोऱ्याची शिवण.

त्या सकाळी आत्या सडा टाकायला दार उघडून बाहेर आली तर पायरीशी ते जोडे. बाजूला हिरव्या गवताची पेंढी आणि वाटीभर पाणी. ती व्यवस्था माझी. “हे कोणाचे वं?” मी दाराआडून म्हटलं, “तुह्ये. राजानं आणले. तुह्याकडे जोडेच नव्हते, तर त्याइनं खाऊ कशात ठेवाचा? म्हणून जोडेच आणले.” आत्या खाली बसली. एक जोडा उचलला, उलटा केला, तळाच्या वेणीवरून अंगठा फिरवला आणि नाकाशी नेला. “हे तर माह्यीच अंबाडी हाय,” ती हळूच म्हणाली. जोडे तिनं उन्हात ठेवले. घातले नाहीत. टाकलेही नाहीत. रोज अंगण झाडताना उचलायची, झटकायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. मी रोज शाळेतून येऊन पाहायचे आणि सिस्टर रोज डोळ्यांनीच विचारायच्या. मी मान हलवून ‘नाही’ म्हणायचे. आयुष्यभराचा नेम एका सुतळीसाठी कोण मोडतं, असं आईनं मला समजावून पाहिलं. चैत्र लागला. डांबर वितळायला सुरुवात झाली. एके दुपारी शाळेच्या फाटकाशी मला घ्यायला आत्या उभी होती, लुगड्याचा काठ जरा वर धरून, आणि तिच्या पायांत ते पांढरे जोडे होते. ती माझ्याकडे न पाहताच म्हणाली, “चाल, ऊन लागून राहिलं.” त्या दिवशी मी अख्खा रस्ता तिचे पाय पाहत चालले.

याच उन्हाळ्यात सिस्टरना त्यांच्या देशाहून बोलावणं आलं. परतायचं होतं, कायमचं. मी घरी येऊन सांगितलं आणि रडले. आत्या म्हणाली, त्या बाईच्या पायाचं माप आण. मी आणलं. त्यानंतर दुपारच्या वेळी, घर झोपलेलं असताना, ती आपले जोडे समोर ठेवून अंबाडीच्या वेण्या घालत बसलेली दिसे. दोर वळणं तिला सासरच्या शेतातच आलेलं. शिवणीची गोम तिनं आपला जोडा न्याहाळून उचलली. मी जवळ बसून तिला ‘उनो, दोस, त्रेस’ म्हणून दाखवायचे. ती म्हणायची, “चूप बस वं, माह्या पदर चुकते.”

शाळेच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. व्हरांड्यात सिस्टरची पेटी बांधलेली. आत्यानं पदराखालून कापडाची गाठोडी काढली, सोडली, आणि मी पाहतच राहिले. अंबाडीचे नवेकोरे जोडे. आणि दोन्ही जोड्यांत काठोकाठ बेसनाचे लाडू! कागद नाही, फडकं नाही. लाडू थेट जोड्यात. तिनं, माझ्या आत्यानं, आपल्या सोवळ्यातल्या हातांनी वळून, आपल्याच हातांनी भरलेले! “वाटंत खाजा बाई,” ती म्हणाली. “तुमच्याकडे असंच देतेत नं?” मी भाषांतर करायला पुढे झाले. पण त्याची गरजच पडली नाही. सिस्टर तिथेच पायरीवर बसल्या, जोडा मांडीवर घेतला आणि त्यातला एक लाडू उचलून सगळा खाल्ला. मग त्यांनी आत्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि तो एक शब्द म्हटला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

परतीच्या वाटेवर बर्डीपाशी आल्यावर आत्यानं विचारलं, “काय म्हणे वं ते बाई? तो शब्द.” मी सांगितला. तिनं तो तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिला. घरी आलो. तिनं जोडे उंबऱ्याबाहेर काढले, पाय धुतले आणि ओसरीवर टेकली. उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता. मी माठातल्या पाण्याचा तांब्या भरून आणला. तिनं वरून धार धरून सगळं पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं, रिकामा तांब्या माझ्या हातात दिला, आणि कुणी ऐकत नाही ना असं आजूबाजूला पाहून मला म्हणाली, “ग्राथियास.”

त्या शाळेनं मला पुढे काय काय दिलं ते मोजायला बसत नाही. सिस्टर गेल्या, शनिवारचा तास पुन्हा हस्तकलेचा झाला, आणि वापर नसल्यानं भाषाही माझ्या तोंडातून हळूहळू गळत गेली. आज आकडे आठवतात, काही रंग, गाढवाचं अर्धं गाणं. आत्याला जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. कुणी विचारलं तर मी सांगते की लहानपणी मी थोडंफार स्पॅनिश शिकले होते, आणि लोक चकित होतात, आणि पुढे काय विचारावं हे त्यांना कळत नाही. पण दोन बायका, ज्यांना एकमेकींचं एक वाक्य कळत नव्हतं, त्यांनी एकमेकींच्या पायांची मापं घेतली, आणि त्या दोघींच्या मध्ये उभं राहायचं भाग्य मला मिळालं! केवढ्या लहान वयात केवढं मोठं देणं पदरात पडलं माझ्या!

परवा बाज आवळून झाली तेव्हा ऊन चढलं होतं. हाताला तो वास तसाच होता. सुनेनं गच्चीवर येऊन पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. मी प्यायले, आणि माझ्या तोंडून तो शब्द निघून गेला. ती थबकली. “काय म्हटलं आई? कोणती भाषा आहे ही?” मी तांब्या तिच्या हातात दिला आणि म्हटलं, काही नाही गं, आपल्या घरचाच शब्द आहे.